मधुमेह व मृदू ऊतींचा गंभीर जंतुसंसर्ग (खान्देश)

मधुमेही व्यक्तीच्या त्वचेत, त्वचेखालच्या चरबीत, स्नायूंत किंवा स्नायूंवरच्या आवरणात जंतूंचा झपाट्याने होणारा फैलाव. तो बहुधा पायापासून सुरू होतो. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे बोलताना लोक 'शुगरमुळे पाय सडला' किंवा 'गँगरीन झालं' एवढंच म्हणतात.

रक्तातली साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात, रक्तवाहिन्या अरुंद होतात आणि जंतूंना गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. यात बधिरपणा सगळ्यात घातकी. कपाशीच्या वावरात बाभळीचा काटा चपलेचा रबरी तळ भेदून टाचेत शिरतो, पण माणूस दिवसभर त्याच चपलेवर चालत राहतो. संध्याकाळी ओट्यावर रक्ताचा ठसा उमटलेला घरातल्या कुणाला तरी दिसतो, तेव्हा कळते. उन्हाळ्यात इथला पारा ४५ अंशांच्या घरात जातो. चैत्रात सप्तशृंगी गडाकडे पायी निघणाऱ्यांत अनवाणी चालणारेही असतात. तापलेल्या डांबराने तळव्याला आलेला फोड बधिर पायाला कळत नाही. मधुमेह असलेल्याने अनवाणी चालण्याचा नवस बोलूच नये.

काटा वर यावा म्हणून रुईचा चीक लावणे, बिब्बा घालणे, गरम गुळाचा चटका देणे हे जुने उपाय. निरोगी पाय ते सोसत असेल, बधिर पायावर मात्र त्यांनी नवी जखम होते आणि मोलाचे दिवस वाया जातात.

संसर्गाचे सर्वांत भीषण रूप म्हणजे नेक्रोटायझिंग फॅसायटिस. यात स्नायूंवरचे आवरण आतल्या आत मरत जाते, वरची कातडी मात्र सुरुवातीला नुसती लाल व सुजलेली दिसते. दिसते त्याहून कितीतरी जास्त वेदना ही त्याची खूण, पण बधिर पायात तीही हुलकावणी देते. पुढे कातडी जांभळी-काळी पडते, फोड येतात, दुर्गंधी सुटते, दाबल्यास कधी करकर जाणवते, ताप चढतो, रक्तदाब कोसळतो. हे सारे काही तासांत घडू शकते. अशा वेळी नुसत्या गोळ्या-मलमांवर भागत नाही. मेलेला भाग तातडीने, बरेचदा पुन्हा पुन्हा, कापून काढावा लागतो. सोबत शिरेतून प्रतिजैविके आणि इन्सुलिन. शस्त्रक्रियेला जितका उशीर, तितका पाय आणि जीव धोक्यात. धुळे, जळगाव व नंदुरबार येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत.

जननेंद्रिय व गुदद्वाराभोवतीच्या अशाच संसर्गाला फूर्निए गँगरीन म्हणतात. पॅरिसचे डॉक्टर फूर्निए यांनी १८८३ मध्ये त्याचे वर्णन केले. लाजेपोटी हे दुखणे घरातही सांगितले जात नाही. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांबाबत अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१८ मध्ये याच आजाराचा इशारा दिला. धोका विरळा आहे, त्यामुळे गोळी परस्पर बंद करू नये. मात्र त्या जागी दुखू लागले, सूज किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.