औषध गोड, दात कोवळे

फिट्सचं सिरप दिवसातून दोनदा. खोकल्याचं तीनदा. वजन वाढत नाही म्हणून दर दोन तासांनी दुधात बुडवलेलं बिस्किट. आणि नागपूरच्या मे महिन्यात सिकलसेलच्या (रक्तातल्या तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराच्या) लेकराला सारखं पाजायचं पाणी, जे पुष्कळ घरांत नकळत सरबताचं किंवा ग्लुकोजचं होतं. यातली प्रत्येक गोष्ट लेकराच्या भल्यासाठीच केलेली असते. दातांवर मात्र त्यांची बेरीज पडते.

दातावरच्या चिकट थरातले जंतू साखरेचं आम्ल करतात. तोंडाचा सामू (पीएच; तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या वरच्या कवचातले क्षार विरघळू लागतात. लाळ हे आम्ल धुऊन काढते, पण त्याला अर्धा तास सहज लागतो. म्हणून साखर किती यापेक्षा किती वेळा, हे जास्त महत्त्वाचं. दिवसातून आठ वेळा गोड गेलं, तर दात जवळजवळ चार तास आम्लात भिजले. त्यात मूल तोंडाने श्वास घेत असेल किंवा औषधाने तोंड कोरडं पडत असेल, तर लाळेची मदतही कमी. झोपेत तर लाळ फारच कमी सुटते. दुधाच्या दातांचं कवचही पक्क्या दातांपेक्षा पातळ असतं.

उपाय औषध बंद करण्यात नाही, वेळ बदलण्यात आहे. डॉक्टर हो म्हणत असतील तर सिरप जेवणासोबत द्या. बिनसाखरेचं मिळतं का, हे डॉक्टरांना आणि मेडिकलवाल्याला विचारा. गोळी मात्र स्वतःच्या मनाने कुटून देऊ नका, काही गोळ्या कुटल्याने बिघडतात. रात्रीचा डोस आधी, ब्रश नंतर. झोपेतच द्यावा लागला, तर ओल्या गॉजने दात पुसा. दम्याच्या पंपाचं औषध घेतल्यावर साध्या पाण्याची चूळ. सिकलसेलच्या मुलाला पाणी भरपूर हवंच, पण ते साधं. सरबत द्यायचं तर जेवणाबरोबर, घोट घोट दिवसभर नाही. या मुलांच्या किडलेल्या दाढेतला जंतुसंसर्ग दाढेपुरता राहतोच असं नाही. त्यातून वेदनांचा झटका येऊ शकतो आणि भूल देऊन दात काढायलाही जास्त तयारी लागते.

पेस्ट १००० पीपीएम फ्लोराइडची हवी, आकडा ट्यूबवर छापलेला असतो. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी, दिवसातून दोनदा. तांदळाएवढ्या पेस्टमध्ये साधारण ०.१ मिलिग्रॅम फ्लोराइड असतं. थोडी गिळली गेली तर घाबरायचं कारण नाही. थुंकता येत नसेल तर फेस पुसून घ्या. विदर्भात काही गावांच्या बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं. तुमच्याकडे तसं असेल तर दंतवैद्यांना ते आधी सांगा, आणि फ्लोराइडच्या गोळ्या किंवा थेंब वेगळे देऊ नका.

आता खरी अडचण: तोंड उघडायचं कसं? लहान मुलासाठी दोन मोठ्यांनी गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसावं. पाय एकाकडे, डोकं दुसऱ्याच्या मांडीवर. एकाने हात धरावेत, दुसऱ्याने ओठ उचलून ब्रश फिरवावा. सेरेब्रल पाल्सीच्या (मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवर ताबा नसलेल्या) ज्या मुलाला गिळायला त्रास होतो, त्याला असं उताणं झोपवू नका. पाणी आणि पेस्ट श्वासनलिकेत जाऊ शकते. त्याला टेकवून बसवा, मान किंचित पुढे, मागून किंवा बाजूने हनुवटीला आधार द्या. पेस्ट कमी फेसाची, चूळ नाही, नुसतं ओलं गॉज. दात अचानक घट्ट मिटतात, म्हणून बोट दातांच्या मधे कधीच नको. चार-पाच लाकडी आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून गॉज आणि चिकटपट्टी गुंडाळली की आधार तयार होतो. तो मागच्या दाढांमध्ये ठेवा, पुढच्या किंवा हलत्या दातांवर नको. नळीने अन्न घेणाऱ्या मुलाचेही दात घासावे लागतात. ते तोंडाने खात नाही म्हणून घरात हे हमखास राहून जातं, आणि अशा तोंडात दगडासारखा थर उलट लवकर साचतो.

स्वमग्न (ऑटिझमच्या) मुलाला पेस्टची चव किंवा ब्रशचा स्पर्श असह्य होऊ शकतो. बिनचवीची पेस्ट आणि मऊ ब्रश घ्या. आधी नुसता ओठांना, काही दिवसांनी पुढच्या दातांना, मग दाढांना. रोज तीच जागा, तोच क्रम, तेच दहा आकडे मोजायचे. जबरदस्तीने एक दिवस जिंकता येतो, पण पुढचे कित्येक महिने बिघडतात.

डाऊन सिंड्रोमच्या मुलांचे दात उशिरा येतात, आणि त्यांच्या हिरड्या जपाव्या लागतात. फेनिटोइन या फिट्सच्या औषधाने हिरड्या सुजून दातांवर चढतात. दातांवर थर साचला तर आणखी. औषध स्वतःहून थांबवायचं नाही, ब्रश नेटाने करायचा.

आठवड्यातून एकदा वरचा ओठ उचलून बघा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात. या टप्प्यावर दात सावरतो. दंतवैद्य ५ टक्के सोडियम फ्लोराइडचं वार्निश लावतात, मिनिटभराचं काम, भूल नाही. जोखीम जास्त असलेल्या मुलाला दर तीन महिन्यांनी. त्या दिवशी कडक खाणं नको, ब्रश दुसऱ्या सकाळी. खड्डा पडला असेल आणि मूल बसूच देत नसेल, तर ३८ टक्क्यांचं सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे औषध लावून कीड थांबवता येते. कीड लागलेली जागा कायमची काळी होते, हे आधी सांगितलेलं बरं.

पहिली तपासणी पहिला वाढदिवस होईपर्यंत. नागपुरात मेडिकल कॉलेजच्या परिसरात शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथे बालदंत विभागात जाता येतं. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांना दातही दाखवा. वेळ घेतानाच मुलाचा आजार सांगा, सकाळची वेळ मागा, औषधांच्या बाटल्या सोबत न्या. व्हॅल्प्रोएट हे फिट्सचं औषध चालू असेल तर ते सांगायचंच, रक्त थांबायला वेळ लागू शकतो. हृदयाला जन्मतः छिद्र असेल किंवा शस्त्रक्रिया झाली असेल तर हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी न्या. हृदयाच्या काही दोषांत हिरडीतून रक्त येईल अशा उपचाराआधी अर्धा ते एक तास अँटिबायोटिकचा एक डोस द्यावा लागतो, आणि तो कोणाला द्यायचा हे त्या चिठ्ठीवरूनच ठरतं.