लष्करी ताब्यातील सांप्रदायिक हिंसा : कारण आणि हेतू यांविषयीचा वाद

परकीय फौजेच्या ताब्यातील देशात तेथील पंथ एकमेकांवर उठतात, तेव्हा ही आग कशाने लागली आणि ती कोणाला हवी होती, असे दोन प्रश्न उभे राहतात. ते एकच मानल्यामुळे या विषयावरील बहुतेक वाद भरकटतात. १८५८ ते १८८६ या काळात ज्यांचा किल्ला ब्रिटिश फौजेच्या हाती होता, त्या ग्वाल्हेरकर मराठी माणसांना ‘फोडा आणि झोडा’ हे उत्तर सहज पटते. याउलट ‘हे वैर पुरातनच आहे’ हे स्पष्टीकरण त्यांनी तरी स्वीकारू नये, कारण बीडच्या मन्सूरशहा या मुस्लिम संतांना गुरू मानणाऱ्या महादजी शिंद्यांच्या घराण्याने मोहरमच्या ताजियांना राजाश्रय दिल्याचे त्यांना ठाऊक आहे.

या वादाचे अलीकडचे मोठे उदाहरण २००३ मध्ये अमेरिकी फौजांनी ताब्यात घेतलेल्या इराकचे. बगदादमध्येही शिया आणि सुन्नी एकाच मोहल्ल्यात राहत, त्यांच्यात सोयरिकी होत. मे २००३ मध्ये अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी सद्दाम हुसेनच्या बाथ पक्षाच्या लोकांना सरकारी पदांवरून दूर केले व सैन्य बरखास्त केले. लाखो सशस्त्र, प्रशिक्षित माणसे बेकार झाली. जुलैमध्ये नेमलेल्या २५ जणांच्या शासन परिषदेत जागाच पंथ आणि वंश पाहून वाटल्या गेल्या. फेब्रुवारी २००६ मध्ये सामर्‍याच्या, शियांना पवित्र असलेल्या अल-अस्करी मशिदीचा सोनेरी घुमट स्फोटाने उडवल्यानंतर तर तपासनाक्यावर ओळखपत्रावरचे ‘उमर’ हे सुन्नी नावसुद्धा जिवावर बेतू लागले, आणि लोक खिशात दोन नावांची दोन ओळखपत्रे बाळगू लागले.

हेतूच्या बाबतीत सर्वांत स्पष्ट पुरावा इराकमधील अल-कायदाचा म्होरक्या जरकावी याच्या गटाचा मिळतो : शियांवर हल्ले करून यादवी पेटवणे हे त्याचे उघड धोरण होते. ताबा घेणाऱ्या फौजेनेच ती ठरवून घडवली, या मताचे समर्थक बहुधा ‘लाभ कोणाला झाला’ एवढ्यावर विसंबतात. परंतु लाभावरून हेतू सिद्ध होत नाही. तरीही हेतू सिद्ध झाला नाही म्हणून ताबा घेणारी फौज सुटत नाही. युद्धाविषयीच्या १९०७ च्या हेग नियमांतील ४३ वे कलम ताब्यातील प्रदेशात सार्वजनिक सुव्यवस्था राखण्याची जबाबदारी तिच्यावरच टाकते, आणि एप्रिल २००३ मध्ये बगदादचे राष्ट्रीय संग्रहालय लुटले जात असताना ती पाळली गेली नाही.

एप्रिल २००७ मध्ये अमेरिकी सैन्याने सुन्नीबहुल आधमिया भागाभोवती सुमारे पाच किलोमीटर लांबीची काँक्रीटची भिंत उभारायला घेतली. सैन्याच्या मते ती रहिवाशांच्या रक्षणासाठी होती. रहिवाशांनी मात्र शहराची फाळणी होते आहे, असे म्हणत तिच्याविरुद्ध मोर्चा काढला.