तीन पायऱ्या, आणि त्यांवर उभं कोण?

शाळेत मुलांच्या मनाची काळजी पायऱ्यापायऱ्यांनी घ्यायची, ही कल्पना मुळात शाळेची नाही. ती सार्वजनिक आरोग्याकडून आली. अमेरिकेत मनोविकारतज्ज्ञ जेराल्ड कॅप्लन यांनी १९६४ मध्ये रोगप्रतिबंधाच्या तीन पातळ्या (आजार होऊच न देणं, लवकर ओळखणं, त्याचे परिणाम कमी करणं) मनोविकारांना लावून दाखवल्या. १९८३ मध्ये रॉबर्ट गॉर्डन यांनी वेगळी विभागणी सुचवली: सगळ्यांसाठी, जास्त धोका असलेल्यांसाठी आणि लक्षणं दिसू लागलेल्यांसाठी. कागदावर ती लगेच पटते. वर्गात ती चालते का, हे तपासणं मात्र किचकट.

आपल्याकडे हा धागा गोव्यातून निघतो. १९९६ पासून मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या ‘संगाथ’ संस्थेने तिथल्या शाळांत घडवलेली पद्धत पुढे बिहारच्या नालंदा जिल्ह्यात नेली. नाव ‘सेहेर’. संपूर्ण शाळेसाठी परिपाठातली सत्रं, भित्तिपत्रक आणि मनातलं लिहून टाकायची पेटी, वर्गासाठी गटकाम, गरज असेल त्याला एकट्याला समुपदेशन. ७४ सरकारी माध्यमिक शाळा चिठ्ठ्या टाकाव्यात तशा तीन गटांत वाटल्या. एका गटात हे काम प्रशिक्षण दिलेल्या, पण मानसोपचाराची पदवी नसलेल्या समुपदेशकाने केलं, दुसऱ्यात शाळेतल्याच शिक्षकाने, तिसऱ्यात यांपैकी काहीच नव्हतं.

२०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापलेले निष्कर्ष अस्वस्थ करणारे होते. समुपदेशकाच्या शाळांत वातावरण सुधारलं, नैराश्य आणि दादागिरी कमी झाली. शिक्षकांच्या शाळांत म्हणावा असा फरकच नाही. कार्यक्रम तोच, पायऱ्या त्याच! यात शिक्षकाला दोष देणं सोपं आहे. पण तास, पेपर आणि सरकारी कामं सांभाळणाऱ्या माणसाकडे मूल आपलं गुपित घेऊन का जाईल, हा प्रश्न मला जास्त खरा वाटतो. गुण देणारा आणि ऐकून घेणारा एकच असला की पेटी रिकामी राहणारच.

दिल्लीच्या सरकारी शाळांतल्या २५० मुलांवर पुढे झालेल्या अभ्यासाने मोजमापाचाच पेच दाखवला. नुसत्या पुस्तिका मिळालेल्यांच्या तुलनेत, समुपदेशकासोबत अडचणी सोडवायला शिकलेल्या मुलांना स्वतः सांगितलेली अडचण हलकी वाटू लागली. लक्षणांच्या प्रश्नावलीत मात्र सहा आठवड्यांनी दोन्ही गट जवळपास सारखेच.

त्याच सुमारास, फेब्रुवारी २०२० मध्ये, ‘आयुष्मान भारत’चा शालेय आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. भावनिक आणि मानसिक आरोग्य हा त्यातला एक विषय. तो शिकवायची जबाबदारी प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांवर.