भूविवरे आणि दरडी : जमीन खचण्याची प्रक्रिया व पूर्वखुणा

जमिनीच्या पोटात पोकळी तयार होऊन तिच्यावरचा थर खाली बसल्याने वा कोसळल्याने पडणाऱ्या खड्ड्याला भूविवर म्हणतात. बातम्यांत त्याचे नाव सिंकहोल असे येते. उतारावरची माती, मुरूम किंवा खडक घसरून खाली येणे म्हणजे दरड कोसळणे. भूविज्ञानात या दोन घटनांचा अभ्यास वेगवेगळा होतो, पण दोन्हींमागे बहुतेक वेळा पाणीच असते. ते किती काळ आणि कुठल्या वाटेने मुरत होते, हे कळले की बरेचसे कोडे सुटते.

पावसाचे पाणी हवेतून थोडा आणि मातीतून जाताना त्याहून बराच जास्त कार्बन डायऑक्साइड शोषून घेते. त्यातून सौम्य कार्बोनिक आम्ल बनते. चुनखडकाच्या सांध्यांत ते शिरले की खडकातील कॅल्शियम कार्बोनेट विरघळून पाण्याबरोबर निघून जाते. केसाएवढी फट रुंदावत तिची नळी होते आणि नळीची गुहा. चुनखडकात याला हजारो वर्षे लागतात. जिप्सम पुष्कळच लवकर विरघळतो आणि खनिज मिठाचा थर त्याहूनही लवकर. अशा विरघळत्या खडकांच्या प्रदेशाला कार्स्ट म्हणतात. स्लोव्हेनिया आणि इटलीच्या सीमेवरील क्रास पठारावरून हे नाव पडले.

गुहेचे छतच कोसळून पडणारी विवरे असतात, पण तुलनेने विरळा. बहुधा खडकावरची माती फटींतून कणाकणाने खाली गळत राहते. ही माती वाळूची असेल तर ती सतत ओघळते आणि वर बशीसारखा उथळ खोलगटपणा हळूहळू दिसू लागतो. चिकणमातीचे तसे नाही. ती स्वतःला धरून ठेवते, त्यामुळे खालून पोखरली गेली तरी घुमटासारखे छत टिकते. घुमट वर वर सरकतो, छत पातळ होत जाते आणि वरच्या गवताला त्याचा पत्ताही नसतो. एखाद्या जोरदार पावसाने माती भिजून जड होते आणि उरलेले छत काही मिनिटांत आत जाते. चिकणमातीचा चिवटपणाच इथे घातक ठरतो.

पोकळीत भरलेले भूजल छताला खालून आधार देत असते. पाण्याचा उपसा वाढला की तो आधार जातो. जानेवारी 2010मध्ये अमेरिकेतील फ्लॉरिडात प्लँट सिटी परिसरात कडाक्याची थंडी पडली, तेव्हा स्ट्रॉबेरीची पिके गोठू नयेत म्हणून शेतकऱ्यांनी 11 दिवस भूजल उपसून पिकांवर फवारले. भूजलपातळी सुमारे 18 मीटरने खाली गेली आणि जवळपास 140 विवरे पडली. मृत समुद्राच्या काठी कारण थोडे वेगळे आहे. समुद्राची पातळी वर्षाला सुमारे एक मीटरने उतरते आहे, त्यामुळे काठच्या जमिनीतील मिठाच्या थरापर्यंत गोडे भूजल पोहोचते आणि मीठ विरघळते. तिथे 1980च्या दशकापासून हजारो विवरे पडली आहेत.

ग्वाटेमाला शहरात 30 मे 2010 रोजी सुमारे 20 मीटर रुंद व 90 मीटर खोल खड्डा पडला. जगभर गाजलेले हे 'सिंकहोल' काटेकोर अर्थाने, म्हणजे खडक विरघळून पडलेले, भूविवर नव्हतेच. तिथे खाली चुनखडक नसून ज्वालामुखीच्या राखेचे भुसभुशीत थर आहेत. गळक्या भूमिगत गटारांनी आणि वादळी पावसाने ते आतून धुऊन नेले. शहरांत रस्ते खचतात त्यामागेही पुष्कळदा फुटकी जलवाहिनी किंवा गटारच असते.

भूविवराच्या खुणा गोलाकार असतात. जमिनीवर किंवा फरशीवर कंसासारख्या भेगा उमटतात, तळे विनाकारण आटते, विहिरीचे पाणी अचानक गढूळ होते. सपाट जागी पाणी साचू लागते. कुंपणाचे खांब आतल्या बाजूला कलतात. खालून ओल निघून गेल्याने गोल चकत्यात गवत सुकलेले दिसते. यातली एकेक खूण साध्या कारणानेही दिसू शकते. दोन-तीन एकाच जागी आल्या तर मात्र ती जागा रिकामी करावी.

दरडीचे गणित निराळे आहे. उतारावर माती टिकते ती कणांमधल्या घर्षणामुळे आणि चिकटपणामुळे. पाऊस मुरून कणांमधल्या जागेत पाण्याचा दाब वाढला की कण एकमेकांवर पुरेसे दाबले जात नाहीत आणि घर्षण घटते. 'पाण्याने माती निसरडी होते' हा लोकप्रिय खुलासा म्हणून अपुरा आहे. रस्त्यासाठी डोंगराचा पायथा कापणे, माथ्यावर भराव टाकणे, धरणीकंप, वणव्याने झाडोरा जळणे यांनीही तोल जातो. पाणी खोल मुरायला वेळ लागत असल्याने पाऊस थांबल्यावरही धोका उरतो. अमेरिकेतील ओसो येथे 22 मार्च 2014 रोजी कोसळलेली दरड आठवडेच्या आठवडे चाललेल्या पावसानंतरच्या कोरड्या सकाळी आली. तिने 43 बळी घेतले.

दरडीच्या खुणा शोधताना माथ्याकडे आणि पायथ्याकडे दोन्हीकडे पाहावे लागते. वर चंद्रकोरीसारख्या भेगा पडतात आणि भेगेची खालची कड पायरीसारखी खचते. खाली जमीन फुगून वर येते, संरक्षक भिंत पोट काढते. मधल्या पट्ट्यात झाडे व विजेचे खांब वेडेवाकडे कलतात. बुंध्याशी वाकून पुढे सरळ वाढलेली झाडे उतार वर्षानुवर्षे मुंगीच्या पावलांनी सरकत असल्याचे सुचवतात. घरात दारे-खिडक्या चौकटीत अडकू लागतात. नवे झरे फुटतात किंवा जुना झरा आटतो. भर पावसात ओढ्याचे पाणी एकाएकी कमी होणे ही यातली सर्वांत फसवी खूण होय. लोकांना हायसे वाटते, पण वर कुठे मलब्याने ओढा अडलेला असू शकतो. दगड गडगडण्याचा, झाडे कडाडण्याचा किंवा जमिनीतून गुरगुरण्याचा आवाज आला की सामान गोळा करू नये. ओढ्याचा मार्ग टाळून आडवे, उतारापासून दूर निघावे.

भेग जिवंत आहे की जुनी, हे पाहायला साधा उपाय पुरतो. भिंतीच्या तड्यावर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना घट्ट चिकटवून तारीख लिहावी. तडा वाढला की काच तडकते. जमिनीतल्या भेगेच्या दोन्ही अंगांना खुंट्या ठोकून अंतर रोज मोजता येते. एकूण अंतरापेक्षा ते वाढण्याचा वेग महत्त्वाचा असतो. इटलीतील व्हायोंट धरणावर हे मोजमाप तीन वर्षे चालू होते. जलाशयाकाठचा टोक नावाचा डोंगर सरकतो आहे, शेवटी तर दिवसाला सुमारे 20 सेंटिमीटर, हे अभियंत्यांना ठाऊक होते. जलाशयाची पातळी कमी-जास्त करून घसरण ताब्यात ठेवता येईल असा त्यांचा होरा होता. 9 ऑक्टोबर 1963च्या रात्री 25 कोटी घनमीटरांहून अधिक खडक एकदम पाण्यात कोसळला, लाट धरणावरून पलीकडे गेली आणि खालच्या लाँगारोने व आसपासच्या गावांत सुमारे 2,000 माणसे मेली. धरणाची भिंत मात्र जवळजवळ शाबूत राहिली.

उपाययोजनेतही मुख्य काम पाण्याचेच असते. उतारावरील भेगा चिकणमातीने बुजवून त्यांवर ताडपत्री अंथरतात, माथ्यावर चर खणून पाणी वळवतात आणि उतारात आडव्या सच्छिद्र नळ्या घालून आतले पाणी काढतात. लहान भूविवरात नुसती माती लोटली तर ती पुन्हा त्याच वाटेने खाली जाते. म्हणून तळाशी मोठे धोंडे, त्यांवर लहान दगड, मग खडी, वाळू आणि सर्वांत वर माती असा क्रम ठेवतात.