किरमिजी (रंगनाम)

किरमिजी : किंचित निळसर झाक असलेला गडद तांबडा रंग व त्याचे नाव. इंग्रजी क्रिमसन, फ्रेंच क्रामोआझी, स्पॅनिश कार्मेसी, इटालियन क्रेमिझी, जर्मन कार्मेझीन, पोलिश कार्माझिन ही सर्व अरबी ‘किर्मिझ’ या एकाच शब्दाची रूपे होत. मराठी किरमिजी हा त्यांचाच सख्खा भाऊ. या शब्दकुळाच्या मुळाशी रंग नाही, किडा आहे.

हा किडा (केर्मेस व्हर्मिलिओ) भूमध्य सागराच्या काठी, काटेरी पानांच्या खुरट्या ओक झुडपांवर राहतो. मादीला पंख नसतात. अंड्यांनी फुगली की ती वाटाण्यासारखी गोल होऊन फांदीला घट्ट चिकटते आणि पाहणाऱ्याला फळच वाटते. दक्षिण फ्रान्समध्ये बायका पहाटे कंदिलाच्या उजेडात हे ‘दाणे’ नखांनी खुडून काढीत. मग व्हिनेगरची वाफ देऊन ते मारीत व वाळवीत. तुरटी दिलेल्या लोकरीवर वा रेशमावर त्यांचा रंग पक्का बसे. ग्रीकांनी या दाण्यांना ‘कोक्कोस’ (बी, दाणा) म्हटले, रोमनांनी ‘कोक्कुम’ व पुढे ‘ग्रानुम’. पक्क्या रंगासाठी इंग्रजीत रूढ झालेला ‘ग्रेन’ हा शब्द या ग्रानुमचाच वंशज. नावे दाण्याची असली तरी किडा कोणाच्याच ध्यानात आला नव्हता असे मात्र नाही. बायबलच्या लॅटिन भाषांतरात याच रंगासाठी ‘व्हर्मिक्युलुस’ (छोटा किडा) असा शब्द येतो. त्यापासून फ्रेंच व्हर्मेय व इंग्रजी व्हर्मिलियन हे शब्द झाले. पुढे व्हर्मिलियन हे नाव हिंगुळाला, म्हणजे पाऱ्याच्या खनिजाला चिकटले आणि त्यातला किडा विस्मरणात गेला.

अरबी किर्मिझची व्युत्पत्ती हा खरा वादाचा विषय आहे. जुन्या कोशांत तो संस्कृत ‘कृमिज’ (कृमीपासून झालेला) या शब्दाशी थेट जोडलेला आढळतो. ध्वनी व अर्थ दोन्ही जुळत असल्याने ही व्युत्पत्ती मोहक वाटते, आणि लाखेला संस्कृतात ‘कृमिजा’ असे नाव आहेही. पण अडचण नेमकी तेथेच आहे. भारतात किड्यापासून मिळणारा तांबडा रंग लाखेचा. ओकवरच्या किड्याचा येथे संबंध नाही. अमरकोशात लाखेच्या पर्यायांमध्ये ‘द्रुमामय’, म्हणजे झाडाचा रोग, असाही शब्द दिला आहे. म्हणजे लाखेकडे पाहण्याची दृष्टीच निराळी होती. उलट इराणी भाषांच्या परिसरात, विशेषतः आर्मेनियाच्या पठारावर, गवताच्या मुळांवर वाढणारा रंगाचा किडा प्राचीन काळापासून ठाऊक होता. आर्मेनियन भाषेत तांबड्याला ‘कार्मिर’ म्हणतात, आणि तो शब्द इराणीतून घेतलेला मानतात. हिब्रू बायबलच्या इतिहास ग्रंथात मंदिराच्या पडद्याच्या वर्णनात ‘कार्मील’ असा शब्द येतो; हा ग्रंथ बहुधा इराणी सत्तेच्या काळातला किंवा त्यानंतर लवकरचा असावा. हे पाहता किर्मिझचे मूळ इराणी ‘किर्म’ (किडा) मध्ये शोधणे अधिक सयुक्तिक ठरते. शेवटच्या ‘झ’चा उलगडा यानेही पूर्ण होत नाही, तो एखाद्या इराणी प्रत्ययाचा अवशेष असावा. संस्कृत कृमी व इराणी किर्म या बहिणी आहेतच. लिथुएनियन ‘किर्मिस’ व जुने आयरिश ‘क्रुइम्’ही त्याच कुळातले. म्हणून मराठी किरमिजी आपल्या कृमीच्या इतका जवळ वाटला तरी तो तिच्या पोटचा नव्हे. तो अरबीत जाऊन, फारसीमार्गे दख्खनेत आलेला आहे.

युरोपात हा शब्द स्पेन, सिसिली व इटलीच्या बंदरांतून शिरला असावा. इंग्रजीत तो साधारण १५ व्या शतकात दिसू लागतो. सिसिलीचा राजा दुसरा रॉजर याचा झगा आज व्हिएन्नात आहे. केर्मेसने रंगवलेल्या तांबड्या रेशमावर उंटांवर झेपावलेले दोन सिंह सोन्याच्या धाग्याने भरले आहेत. काठावर अरबी लेख असून त्यात पालेर्मो हे ठिकाण व हिजरी ५२८ (इ. स. ११३३-३४) हे वर्ष दिलेले आहे. ख्रिस्ती राजाच्या अंगावर अरबी अक्षरे चढली त्या दरबारात कापडाच्या रंगाचे नावही अरबी असणे सहज शक्य वाटते.

स्लाव्ह भाषांनी हा शब्द उसना घेण्याच्या कितीतरी आधी तीच वाट स्वतंत्रपणे चोखाळली होती. पोलिश ‘चेर्व्होनी’, चेक ‘चेर्व्हेनी’, सर्बियन ‘त्स्र्व्हेन’ म्हणजे साधा तांबडा, आणि तो किड्याच्या जुन्या स्लाव्ह नावावरूनच बनला आहे. तेथला किडा वेगळा. तो एका रानरोपाच्या मुळांवर सापडे व सेंट जॉनच्या सणाच्या सुमारास, म्हणजे २४ जूनच्या आसपास, खणून गोळा केला जाई. पोलिशमध्ये जूनला ‘चेर्व्हियेत्स’ म्हणतात ते यावरूनच असे बहुतेकांचे मत. काही जण मात्र त्याचा संबंध मधमाश्यांच्या अळ्यांशी लावतात.

अर्थाची एक गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते. फ्रेंच रंगाऱ्यांच्या बोलीत क्रामोआझी ही छटा नव्हती, प्रत होती. जांभळा क्रामोआझी असाही रंग असे. म्हणूनच जुन्या फ्रेंचमध्ये अतोनात कुरूप माणसाला ‘क्रामोआझीत कुरूप’ म्हणत. इंग्रजी स्कार्लेटही आधी उंची लोकरी कापडाचे नाव होते, मग रंगाचे झाले. तुर्की ‘किर्मिझी’ तर साध्या तांबड्यापर्यंत खाली उतरला.

१६ व्या शतकात स्पॅनिशांनी मेक्सिकोतून निवडुंगावरचा कोचिनील किडा आणला. त्याचा रंग केर्मेसपेक्षा कितीतरी पट भरत असल्याने जुना व्यापार ओसरला, पण नावे टिकली. कार्माइन हा शब्द बहुधा किर्मिझ व लॅटिन ‘मिनियुम’ (शेंदूर) यांच्या मिश्रणातून झाला. आज तो कोचिनीलच्या रंगाला लावतात व युरोपातील खाद्यपदार्थांच्या वेष्टनांवर तो ई १२० या क्रमांकाने नोंदलेला असतो. इटलीत केकच्या थरांवर शिंपडायच्या तांबड्या मद्यार्काला अजूनही ‘आल्केर्मेस’ म्हणतात. त्यात अरबी ‘अल्’ उपपद जसेच्या तसे राहिले आहे.