स्वादुपिंडाच्या कर्करोगातील पेशीय वार्धक्य

पेशीने विभाजन कायमचे थांबवावे, पण मरू नये, या अवस्थेला पेशीय वार्धक्य म्हणतात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी तंतुजनक पेशी (ऊतींना आधार देणारे तंतू बनवणाऱ्या पेशी) साधारण ४० ते ६० वेळा विभागून थांबतात, असे लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी १९६१ मध्ये दाखवून दिले. ‘वार्धक्य’ हा शब्द मात्र थोडा फसवा आहे. गुणसूत्रांची टोके, म्हणजे टेलोमियर, झिजल्यामुळे ही अवस्था येते, तशीच ती डीएनएला इजा झाल्याने किंवा एखादे कर्कजनुक, म्हणजे कर्करोगाला चालना देणारे जनुक, अतिसक्रिय झाल्यानेही येते, आणि मग तरुण पेशीवरही ती काही दिवसांत ओढवते. रास या कर्कजनुकाचे सक्रिय रूप निरोगी पेशीत घातले की पेशी बेफाम वाढण्याऐवजी थांबते, हे १९९७ मध्ये सिद्ध झाले.

स्वादुपिंडाच्या कर्करोगाशी या शोधाचा थेट संबंध आहे. त्याच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात, म्हणजे स्वादुपिंडनलिकेच्या कर्करोगात, ९० टक्क्यांहून अधिक अर्बुदांमध्ये (गाठींमध्ये) रास कुळातील केआरएएस जनुक उत्परिवर्तित असते. उंदरांमध्ये या उत्परिवर्तनातून उद्भवणाऱ्या कर्कपूर्व विकृतींत वार्धक्याच्या खुणा दिसतात, पुढच्या कर्करोगात त्या जवळजवळ नाहीशा होतात. पी१६ आणि पी५३ ही प्रथिने विभाजनाला लगाम घालतात. त्यांची जनुके निकामी झाली की पेशी या अडथळ्यातून निसटते. सुरुवातीच्या टप्प्यात वार्धक्य हे शरीराचे संरक्षणच असते.

चित्र पालटते ते अर्बुदाच्या सूक्ष्मपर्यावरणात, म्हणजे कर्कपेशींच्या भोवतालच्या ऊतीत. या अर्बुदाचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर कर्कपेशींच्या वेड्यावाकड्या नलिका विरळ दिसतात आणि त्यांच्यामध्ये कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाचे गुलाबी पट्टे दूरवर पसरलेले असतात. हाताला अर्बुद कठीण लागते ते याच तंतुमय ऊतीमुळे. ती प्रामुख्याने तंतुजनक पेशी आणि स्वादुपिंडातील तारकाकृती पेशी तयार करतात. दाबल्या गेलेल्या रक्तवाहिन्यांमधून औषध आत पुरेसे पोचत नाही आणि कर्कपेशींना मारू शकणाऱ्या टी-पेशी बऱ्याचदा कडेलाच अडकून पडतात. या तंतुजनक पेशींपैकी काही स्वतः वार्धक्यग्रस्त होतात. विभाजन थांबले तरी त्या इंटरल्यूकिन-६ सारखी दाहकारक द्रव्ये, वाढघटक आणि ऊतीचा सांगाडा विरघळवणारी विकरे (एन्झाइम) स्रवत राहतात. हा स्राव थोडा काळ टिकला तर प्रतिकारपेशींना बोलावून घेतो. दीर्घकाळ चालू राहिला तर कर्कपेशींना पोसतो आणि प्रतिकारशक्तीला दडपतो.

मग ही तंतुमय ऊतीच काढून टाकावी, असे कोणालाही वाटेल. तसा प्रयत्न झाला आणि तो अंगाशी आला: २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत उंदरांच्या अर्बुदांतील तंतुजनक पेशी घटवल्यावर कर्करोग अधिक आक्रमक झाला व उंदीर लवकर मेले. सर्व तंतुजनक पेशी शत्रू नव्हेत, हा त्याचा अर्थ. त्यानंतरच्या उंदरांवरील अभ्यासांत केवळ वार्धक्यग्रस्त तंतुजनक पेशी हटवल्या असता टी-पेशींची क्रिया सुधारली, त्यामुळे निवडक उपचाराची कल्पना बळावली आहे.

वार्धक्य मुद्दाम घडवून आणण्याचा उलटा मार्गही आहे आणि तो विशेष उद्बोधक आहे. ट्रॅमेटिनिब व पाल्बोसिक्लिब या औषधांची जोडी उंदरांना दिली असता कर्कपेशी वार्धक्यात गेल्या. त्यांच्या स्रावाने अर्बुदात नव्या रक्तवाहिन्या फुटल्या, जेमसिटाबिन हे केमोथेरपीचे औषध अधिक प्रमाणात आत शिरले आणि टी-पेशीही येऊ लागल्या. २०२० मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अशा पेशी मागे राहून पुढे त्रासदायक ठरू नयेत म्हणून त्यांना वेचून मारणारी औषधेही तपासली जात आहेत. त्यांपैकी नॅव्हिटोक्लॅक्समुळे रक्तातील प्लेटलेट घटतात, ही मोठी अडचण आहे.

रुग्णाच्या ऊतीत अशा पेशी ओळखणे अजून अवघड आहे. वार्धक्यग्रस्त पेशींना निळा रंग देणारी, बीटा-गॅलॅक्टोसिडेज या विकराची चाचणी १९९५ पासून प्रचलित असली तरी ती विकराच्या क्रियेवर अवलंबून असल्याने ताजी किंवा गोठवलेली ऊतीच लागते. रुग्णालयांत नेहमी जतन होणाऱ्या मेणातल्या नमुन्यांवर ती करता येत नाही. पी१६ वर विसंबावे, तर अनेक कर्कपेशींनी ते आधीच गमावलेले असते. म्हणून एकाच नमुन्यात अनेक खुणा एकत्र तपासाव्या लागतात.