डेल्टा फक्त समुद्र वाढतोय म्हणून बुडतायत? नाही हो

नदीच्या मुखाजवळचे डेल्टा बुडतायत ते समुद्र वर चढतोय म्हणूनच, असं वर्षानुवर्षं सगळीकडे फिरतंय. हे अर्धंच खरंय. डेल्टाची जमीन म्हणजे नदीने आणलेला गाळ, आणि तो आपल्याच वजनाने दबत खाली बसत राहतो, म्हणजे समुद्र जागचा हलला नाही तरी वर नवीन थर पडला नाही की जमीन खाली जाणारच.

समुद्राचा वाटा आहेच, मोठा आहे. साधारण 20,000 वर्षांपूर्वी पाणी आजच्यापेक्षा जवळपास 120 मीटर खाली होतं, मग बर्फ वितळलं आणि पाणी इतकं झपाट्याने चढलं की नद्यांचा गाळ पुरेना, ती चढण साधारण 8,000 वर्षांपूर्वी मंदावायला लागली तेव्हा कुठे आजचे बहुतेक डेल्टा जम धरू लागले. पण गाळ थांबला तर? नाईलवरचं आस्वानचं मोठं धरण 1970 ला पूर्ण झालं, गाळ वरच अडकला आणि नाईलच्या मुखाशी असलेल्या रोझेटाचा किनारा लाटांनी भराभर खाल्ला.

सगळ्यात बोलका पुरावा मला अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याचा वाटतो. तिथे मिसिसिपीच्या डेल्टाची जमीन पाण्याखाली जातेय, कारण पूर अडवणाऱ्या बांधांमुळे गाळ आजूबाजूला पसरतच नाही. आणि त्याच राज्याच्या किनाऱ्यावर, 1940 च्या दशकात पुराचं पाणी सोडायला खोदलेल्या वॅक्स लेक कालव्याच्या तोंडाशी 1973 च्या पुरानंतर नवीन डेल्टा वर आलाय, वाढला पण! समुद्र दोन्हीकडे तोच.

शिवाय जमिनीखालचं पाणी, तेल, वायू उपसला की खचणं अजून वाढतं, ते वेगळंच.